शेळ्या जरूर पाळा, कॅम्पर मात्र भाड्यानं घ्या

ताई, तुमचा प्रश्न असा : यजमान 56व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतायत, हाती 62 लाख येतील. परांड्याजवळच्या वडिलोपार्जित दोन एकरांत 20 उस्मानाबादी शेळ्या पाळायच्या, साधं राहायचं आणि 24 लाखांची कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन देश हिंडायचा. पैसे पुरतील का?

गावी साधं राहायला पुरतील. शेळ्या आणि स्वतःची व्हॅन मात्र एकदम जमणार नाही, कारण दोन्ही तुमचाच वेळ मागतात.

हिशेब मांडू या. उस्मानाबादी शेळीची दोन वर्षांत तीन वेतं मिळतात, जुळी करडं नेहमीची. मरतूक वजा जाता वर्षाला 35 करडं विकली आणि सरासरी 7 हजार भाव धरला, तर 2 लाख 45 हजार येतात. खुराक, लसी, औषधं, विमा यांचा लाखभर काढा. उरले 1 लाख 45 हजार. आता तुम्ही महिनाभर हिमाचलला गेलात तर शेळ्यांकडे कोण पाहणार? मनासारखा माणूस चार दिवसांपुरता मिळत नाही, गडी वर्षाचाच ठेवावा लागतो. महिना 12 हजारांनी त्याचे 1 लाख 44 हजार होतात. नफा संपला! शिवाय रात्री शेळी व्याली आणि करडाला वेळेत चीक पाजला नाही, तर ते दगावू शकतं. हे काम फोनवरून होत नाही. बकरी ईदच्या आधी बोकडांना भाव असतो, तेव्हाही घरी कुणीतरी जाणतं हवं.

म्हणून पहिलं वर्ष आठच शेळ्या घ्या. प्रवासाला निघताना शेजारच्या भरवशाच्या घरी अर्धलीनं द्या : राखण त्यांची, करडं निम्मी-निम्मी. गावाकडची ही जुनी रीत तुमच्या बेताला चपखल बसते.

व्हॅनचं बोलायचं तर 24 लाखांवर 7 टक्क्यांनीही वर्षाला 1 लाख 68 हजार व्याज बुडतं. रोज 8 हजार भाडं धरलं तरी तेवढ्यात 21 दिवस कॅम्पर मिळते. घसारा, विमा आणि उभ्या गाडीची देखभाल हे खर्च वेगळेच, भाड्याच्या गाडीत ते तुमच्यावर येत नाहीत. दोन वर्षं असं फिरा. तरीही गाडी हवीशी वाटली, तर तेव्हा घ्या, मी अडवणार नाही.

सगळ्यात घाईचं काम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं. 55 ते 60 वयात स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांनाही तिथे खातं उघडता येतं, पण निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मर्यादा 30 लाख, 8.2 टक्के दरानं दर तिमाहीला 61,500 रुपये हाती येतात. घरखर्चाचा पाया हाच ठेवा.

शेळीपालनाचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही, त्यावर कर लागतो, तेव्हा खरेदी-विक्रीची वही पहिल्या दिवसापासून लिहा. आणि कंपनीचा आरोग्य विमा संपण्याआधी दोघांची स्वतःची पॉलिसी उतरवून घ्या.