घरी बॉडी ऑइल करताना इसेन्शियल ऑइलचे (वनस्पतींपासून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलाचे) किती थेंब घालावेत?

३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात अंगासाठी १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के. चेहऱ्यासाठी ६ पुरे. वास येत नाही म्हणून आणखी ओतू नका. मी एकदा लव्हेंडरची बाटली जवळजवळ उपडीच केली, तर कोपरापर्यंत लाल पुरळ आणि रात्रभर खाज!

गुलाबपाण्यात थेंब टाकून स्प्रे करायचा मोह होतो, पण हे तेल पाण्यात विरघळत नाही. वर तरंगतं आणि नेमकं निव्वळ तेलच गालावर बसतं. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, डाग राहतात. ते धुऊन टाकायच्या स्क्रबमध्येच बरं.

तयार तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास थांबा. तान्ह्या बाळाच्या मालिशीला मात्र साधं खोबरेलच.