हॉस्पिटलमधल्या रहस्यकथा एवढ्या का धरून ठेवतात?

तुम्ही विचारलंय की भुताखेतांच्या गोष्टी वाचून काही वाटत नाही, पण मेडिकल थ्रिलर हातात घेतलं की झोप उडते, असं का. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून ऑपरेशन टेबलाच्या अलीकडच्या बाजूने सांगते.

भुताच्या वाड्यात जायचं की नाही हे आपल्या हातात असतं. ऑपरेशनला मात्र आपण स्वतः सही करून, उपाशीपोटी, बांगड्या काढून जातो. परवा एका आजींनी ‘‘मॅडम, मी उठेन ना?’’ असं विचारताना माझी बाही मुठीत धरली होती. शिरेतून औषध गेलं आणि ती मूठ आपोआप सैल झाली. या कादंबऱ्या तिथून सुरू होतात.

रॉबिन कुक यांची १९७७ची ‘कोमा’ घ्या. बोस्टनमधल्या मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण मुलगी क्युरेटिंगसाठी, म्हणजे गर्भाशय साफ करून घ्यायला, येते. अगदी थोड्या वेळाचं काम, पण ती शुद्धीवर येतच नाही. मग गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेल्या तरुणाचंही तेच होतं. सुझन व्हीलर ही मेडिकलची विद्यार्थिनी जुन्या केसेस उकरायला लागते, आणि माग निघतो आठ नंबरच्या ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा. कुक स्वतः डोळ्यांचे डॉक्टर, त्यामुळे ओटीतली हालचाल कुठेही खोटी वाटत नाही. सीनियर लोक सुझनला ज्या सुरात गप्प बसवतात, तो सूर मीही ऐकलाय.

हा परिच्छेद ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी सोडावा. ऑक्सिजनच्या लाइनमध्ये कार्बन मोनॉक्साइड सोडलेला असतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. मेंदू गुदमरतो, आणि रक्त मात्र लालभडक दिसतं. आम्हाला धीर देणारा रंगच फसवतो! आज प्रत्येक पेशंटच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर असतो, पण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखता येत नाही, तो आकडा चांगलाच दाखवत राहतो. रेसिडेन्सीत असताना नाइट ड्यूटीला मी हे वाचलं, आणि सकाळच्या पहिल्या केसआधी ऑक्सिजनची नळी मशीनपासून भिंतीपर्यंत हाताने चाचपत गेले. कादंबरीत हे सगळं अवयवांच्या विक्रीसाठी चाललेलं असतं. मेंदूमृत्यूची, म्हणजे हृदय चालू असलं तरी मेंदू कायमचा बंद पडण्याची, व्याख्या हार्वर्डच्या समितीने १९६८ साली मांडली होती, त्यामुळे अवयवांसाठी कोणाला मुद्दाम त्या अवस्थेत नेलं तर, ही शंका तेव्हाच्या वाचकांच्या मनात ताजीच असणार. आपल्याकडे किडनीच्या बाजाराला आळा घालणारा कायदा १९९४ साली आला.

म्हणून मला खलनायकापेक्षा ती नळी जास्त घाबरवते. रोजची, कोणाचं लक्ष न जाणारी वस्तू.

वाचाच. फक्त घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी भूलतज्ज्ञाला भेटा, मनात येईल ते सगळं विचारा, पेशंट घरी येऊ दे, आणि मग पुस्तक उघडा.