लॅपटॉप बदलू नका, आधी फाईल बदला

तुमचा प्रश्न वाचला आणि बाकीची कामं बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसलो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल टीमच्या मॅच तुम्ही मोबाईलवर आणि एका सेकंडहँड कॅमेऱ्यावर घेता. घरी एडिटिंगला बसलं की टाइमलाइन (सॉफ्टवेअरमध्ये क्लिप एकापुढे एक मांडायची पट्टी) अडकते, किक आधी दिसते आणि आवाज मागून येतो. दुकानदार म्हणतोय, हा लॅपटॉप एडिटिंगचा नाहीच, दीड लाखाचा घ्या. तुमचा आहे अकराव्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी. जवळपास असल्याच मशीनवर मी अडकलो होतो आणि मलाही हेच सांगितलं गेलं होतं. पैसे काढू नका अजून.

आधीच सांगतो, माझा हा धंदा नाही. घरचं, नात्यातलं, गावच्या जत्रेचं असं हौसेनं करतो. विंडोजवर करतो, मॅकवाल्यांनी आपल्या बेतानं वाचावं.

अडकतंय ते फाईलमुळे. मोबाईल आणि बहुतेक कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत, रेकॉर्ड करतात. त्यात प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एखादी पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढंच. सरळ बघत गेलं तर सोपं जातं. पण एडिटिंग करताना आपण गोल कुठे झाला ते शोधत पुढे-मागे उड्या मारतो, आणि दर उडीला प्रोसेसरला आजूबाजूच्या फ्रेम उलगडून ती एक फ्रेम नव्यानं तयार करावी लागते. दीड लाखाचं मशीनही ह्यात दमतं, थोडं उशिरा दमतं एवढंच.

उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ फुटेजची ७२०पीची हलकी प्रत बनवायची, सगळं कापणं-जोडणं तिच्यावर करायचं, आणि एक्सपोर्टच्या वेळी, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढताना, सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाईल धरतं. केडेनलाइव्ह, शॉटकट, डाविंची रिझॉल्व्ह, तिन्हींत ही सोय फुकट आहे. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो, ते रात्री लावून झोपायचं.

आवाज सरकतो त्याचं कारण वेगळं. मोबाईल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) कमी-जास्त करत राहतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला तो एकसारखा लागतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट निवडून फाईल एकदा काढून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा. आणल्यावर आवाज हातानं ओढून जुळवत बसू नका. पहिल्या गोलाला जुळतो, दुसऱ्या हाफमध्ये परत सरकलेला असतो.

आता पैशाचं. कॅमेरा ४के मध्ये १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) चालत असेल तर तासाला ४५ जीबी फुटेज होतं. तुमची ५१२ची डिस्क चार-पाच मॅचमध्येच नाकापर्यंत येणार. म्हणून रॅम वाढवून १६ करा (काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच चिकटवलेली असते, आधी बघून घ्या) आणि उरलेले सगळे पैसे डिस्कवर घाला. दोन घ्या, एक नको. का ते सांगतो.

माझ्या मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. ते बंद करायचं ठरलं त्या शेवटच्या हंगामात मी सगळं शूट केलं होतं. चुलवाणात चिपाडं सारणारी माणसं, काहिलीवरची मळी काढणं, गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, पाण्यात रसाचा थेंब टाकून बोटानं गोळी धरून बघतो ते, आदण वाफ्यात ओतल्यावर उठणारी वाफ. त्याचं एडिटिंग चालू असताना लॅपटॉप एक्सपोर्टच्या मध्येच बंद पडायला लागला. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. मदरबोर्ड गेलाय म्हणाले. डेटाचं काय, असं काउंटरवर स्पष्ट विचारलं. 'बॅकअप काढून देतो, रिकामी डिस्क आणून द्या.' दिली. जॉबशीटवर 'डेटा बॅकअप' असं त्यांच्याच माणसानं लिहिलं.

लॅपटॉप परत आला तो कोरा. डिस्कवर त्यांनी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढी दोन फोल्डर उतरवली होती. फुटेज डी ड्राइव्हवर होतं, ते बघितलंसुद्धा नाही आणि अख्खी एसएसडी फॉरमॅट मारून विंडोज टाकलं. मदरबोर्ड बदलायला फॉरमॅट कशाला लागतो, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. विचारायला गेलो तर जॉबशीटच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं दाखवली: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. पुढच्या बाजूला तुमच्याच हस्ताक्षरात काय लिहिलंय म्हटलं, तर तो माणूस आता इथे नाही म्हणे. हेड ऑफिसला मेल टाकल्या. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा, आणि शेवटी एके दिवशी 'केस क्लोज्ड' असा मेसेज. मामा आता नाहीत. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली एक बारकी क्लिप राहिलीय, तीत गुळव्याचं बोट दिसतं, गोळी दिसत नाही.

आणि एवढं करून लॅपटॉप पुन्हा तसाच बंद पडला. राजारामपुरीतल्या एका साध्या रिपेअरवाल्यानं माझ्यासमोर उघडला. पंख्याच्या जाळीत लोकरीसारखा धुरळा बसला होता आणि प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून गेली होती. तापला की बंद, एवढाच आजार होता.

त्यामुळे मशीन दुरुस्तीला देताना एसएसडी काढून घरी ठेवा. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूवर असते. वॉरंटी चालू असेल तर काढलेली चालते का हे आधी मेलवर विचारा, तोंडी नको. विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमधून वहीत उतरवून ठेवा. मदरबोर्ड बदलला की मशीन ती की मागतं, आणि ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतलं काही उघडत नाही. 'बॅकअप आम्ही काढतो' ह्या वाक्यावर विश्वास ठेवू नका, कुणीही म्हणो. दोन डिस्कवर एकेक प्रत, आणि त्यातली एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा ऑफिसात. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्यांचं काय झालं ते आपण बघितलंय. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवून उपयोग नाही.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. १६ जीबी होईपर्यंत केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. नंतर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, रंगाच्या कामाला तिला तोड नाही आणि ४के ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट करते. दरमहा भाड्याचं सॉफ्टवेअर कामाचे पैसे मिळायला लागले तरच. पेनड्राइव्हवरून मिळणारं क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर मात्र अजिबात घालू नका. त्यातून व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरही पसरतो.

मराठी नावं टाकताना जोडाक्षरं फुटली तर सॉफ्टवेअरशी झगडू नका. इंकस्केप ह्या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'मुक्त' किंवा 'बालू' फॉन्टमध्ये टायटल करा, पारदर्शक पीएनजी काढा आणि व्हिडिओवर ठेवा. अॅडोबचं प्रीमिअर वापरत असाल तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन करावं लागतं.

शूटिंगचंही एक. मंगल कार्यालयातल्या लाईटखाली व्हिडिओ लुकलुकतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. २५ किंवा ५० फ्रेम ठेवा, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. मॅच तर ५० वरच घ्या, २५च्या टाइमलाइनवर गोल निम्म्या वेगात गुळगुळीत दाखवता येतो.

उद्या कधी डेस्कटॉप जोडायची वेळ आली तर इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे का बघा. स्वस्त म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. त्यात आतलं ग्राफिक नसतं, म्हणजे व्हिडिओ उलगडायला मदत करणारं क्विक सिंकही नसतं. मॉनिटर आयपीएस पॅनलचा घ्या, रंग नीट दिसतात. आणि यूपीएसला काटछाट करू नका, एक्सपोर्ट चालू असतानाच लाईट जाते.

हे सगळं नंतर. आज मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, मोबाईलची एक आणि कॅमेऱ्याची एक फाईल त्यात टाका. फॉरमॅट, फ्रेम रेट मोड आणि बिट डेप्थ (रंग किती बारकाईनं साठवलेत ते) ह्या तीन ओळी दोन्ही फाईलींच्या इथे लिहा, मग प्रॉक्सीचं नेमकं सेटिंग सांगतो.