फोरट्रान, साचे आणि ऑब्जेक्ट: वाचकांचे प्रश्न

प्र. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत कास्टिंग थंड होण्याचा हिशेब फोरट्रान ७७ (आकडेमोडीसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेची जुनी आवृत्ती) मधला प्रोग्रॅम करतो. नवीन आलेला मुलगा म्हणतो, सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहू.

उ. त्याला चहा पाजा आणि थांबवा. हिशेब बरोबर येतोय ना? मग त्याला हात लावू नका. कोड सांभाळणं जड जात असेल, तर दुखणं बहुधा कॉमन ब्लॉकचं, म्हणजे अनेक फाइलींनी वाटून घेतलेल्या मेमरीतल्या जागेचं असेल. तिथं नावं नाही, जागा जुळतात. एका फाइलीत ‘तापमान, घनता’ आणि दुसरीत ‘घनता, तापमान’ लिहिलं, तरी कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही. माझे असेच दोन दिवस गेले होते: लोखंडाची घनता १३५० आणि तापमान ७२०० अंश!

फोरट्रान ९० पासून मॉड्यूल (नावानिशी माहिती वाटून घ्यायची सोय) आहे. त्यात ‘साचा’ नावाचा टाइप (आपण घडवलेला माहितीचा प्रकार) बनवून माहिती एकत्र ठेवा. फोरट्रान २००३ पासून सबरूटीन (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) टाइपलाच बांधता येतात; माहिती आणि काम एकत्र असलेला असा नग म्हणजे ऑब्जेक्ट. जुनी सबरूटीन आत तशीच राहू द्या, नवीन कोड तिला नुसता बोलावेल.

प्र. मी खानापूरची, इंजिनिअरिंगला आहे. जावासारखा क्लास लिहिला, तर फोरट्रान चुका दाखवतो.

उ. अगं, नाव तेच, काम वेगळं. जावातला क्लास म्हणजे इथला टाइप. इथं ‘क्लास’ व्हेरिएबल जाहीर करताना येतो: हा साचा, किंवा त्याच्यापासून वाढवलेला कुठलाही. वाढवायला एक्स्टेंड्स, पण वारसा एकाच घरचा, म्हणजे एका टाइपला पालक एकच. आणि टिंबाऐवजी टक्क्याची खूण: साचा%तापमान. बोटांना सवय लागेपर्यंत चिडचिड होणारच.

प्र. ऑब्जेक्टमुळे वेग मंदावतो का? (निपाणी)

उ. कुठं वापरता त्यावर आहे. २०० बाय २०० चौकोनांची जाळी, वेळेची १०,००० पावलं, म्हणजे आतला लूप ४० कोटी वेळा फिरणार. तिथं दर चौकोनाला ‘तू वाळू की लोखंड?’ विचारत बसलात तर मार खाल. अख्खी जाळी एकाच ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेत ठेवा आणि विचारणा लूपबाहेर करा. पहिला इंडेक्स आतल्या लूपमध्ये फिरवा, कारण फोरट्रान अ‍ॅरे स्तंभाने साठवतो. पुष्कळदा दोष लूपच्या उलट्या क्रमाचा असतो आणि बोल ऑब्जेक्टला.

प्र. पायथन असताना हे कशाला शिकायचं? (चिकोडी)

उ. नोकरीसाठी आधी पायथनच शिका. पण सायपायमध्ये (पायथनची गणिती लायब्ररी) समीकरणं सोडवताना आत लॅपॅक (समीकरणं सोडवणाऱ्या रूटीनांचा संग्रह) चालतं, ते मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेलं. शिवाय फोरट्रान २००३ मध्ये सी भाषेशी बोलायची सोय भाषेतच आहे, तिथून पायथनला जोडता येतं. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्यांना यात नवल कसलं? जीफोरट्रान हा फोरट्रानचा कंपायलर फुकट मिळतो, त्यावर सुरुवात करा.