घरखर्चाचं बोलू : पैसे नेमके जातात कुठे?

या वेळी पत्रं आणि मेल इतके आलेत की सगळ्यांना जागा देता येणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कोणाचीच देत नाहीये, घरातल्या पैशाबद्दल लोक विश्वासाने लिहितात.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही कमावतो, उधळपट्टी म्हणाल तर अजिबात नाही, तरी २० तारीख उलटली की खात्यात खडखडाट. हिशेबाची वही तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत बंद पडली. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये, पद्धत चुकतेय. रोज रात्री पै-पै लिहायची म्हणजे दमून आलेल्या माणसाला आणखी एक काम, त्यात दोन दिवस राहून गेलं की सगळंच सुटतं. त्यापेक्षा मागे बघा. मागच्या ३ महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि सुट्टीच्या दुपारी दोघं मिळून तीन रंगांची पेनं घेऊन बसा. जे टळूच शकत नाही (भाडं, हप्ते, फी, औषधं) त्याला एक रंग, जे आपोआप कापलं जातं त्याला दुसरा, उरलेल्या सगळ्याला तिसरा.

दुसऱ्या रंगाकडे नीट बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका अ‍ॅपचे पैसे १४ महिने कापले जात होते आणि ते अ‍ॅप मी पहिल्या आठवड्यानंतर उघडलंही नव्हतं. फ्री ट्रायल संपली, ऑटो-पे चालू झालं, आणि रक्कम इतकी बारीक की मेसेज यायचा तरी नजर त्यावर ठरायची नाही. आता ट्रायल घेतली की त्याच क्षणी मोबाईलमध्ये संपायच्या २ दिवस आधीचा रिमाइंडर लावते, हे तुम्हीही करा.

आणि २० तारखेचं म्हणाल तर बऱ्याच घरांत महिन्याचा खर्च मुळात बसत असतो, वर्षातून एकदा येणारे खर्च तो मोडतात. विम्याचा प्रीमियम, शाळेची वार्षिक फी, गाडीचं सर्व्हिसिंग, अमुकचं रिन्यूअल, हे दरवर्षी येतात, तरी दरवर्षी आपण ‘अचानक आलं’ म्हणतो. सगळ्यांची बेरीज करा, १२ ने भागा आणि येणारी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळवा, ज्या खात्याचं कार्ड तुमच्या पाकिटात नसेल. पहिले काही महिने फार ओढाताण होईल हे आधीच सांगते, कारण मागचा खर्च भरून काढताना पुढचीही तयारी चालू असते. पण एकदा वर्ष फिरलं की फीचा मेसेज आला तरी पोटात गोळा येत नाही.

प्रश्न : ५०-३०-२० चा नियम पाळायचा ठरवलं पण आमच्याकडे गरजांवरच ७० टक्के जातात. मग बचत करायचीच नाही का?

उत्तर : हातात येणाऱ्या पगारातले ५० टक्के गरजा, ३० टक्के हौस, २० टक्के बचत आणि कर्जफेड असा तो हिशेब. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी तो २००५ मध्ये अमेरिकेत मांडला. ज्याचं घरभाडंच पगाराच्या ४० टक्के आहे त्याने त्या ५० साठी स्वतःला अपराधी का समजावं? तुमचं ७०-२०-१० होत असेल तर तेच धरा, तेही जमत नसेल तर ५ टक्के बाजूला काढा, फक्त ते महिन्याच्या सुरुवातीला निघाले पाहिजेत. शेवटी उरेल ते बाजूला टाकू म्हटलं तर काही उरत नाही.

प्रश्न : लाईट बिल कमी करायला मी घरभर चार्जरचे बटण बंद करत फिरते, मुलांना ओरडते, तरी बिल तेवढंच. काय करू?

उत्तर : चार्जरचा नाद सोडा हो, मनापासून सांगते. १००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट, एवढं एकच गणित लक्षात ठेवायचं. मोबाईल न लावलेला चांगला चार्जर अर्ध्या वॅटपेक्षाही कमी खातो, म्हणजे महिनाभर चालू राहिला तरी अर्धा युनिटसुद्धा होत नाही. तेच २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट गेलं, रोजचं धरा, महिन्याला ३०. जिथे उष्णता तयार करायची किंवा काढून टाकायची असते तिथे वीज जाते : गीझर, एसी, इस्त्री, हीटर, फ्रीज, गरम पाण्यावर लावलेलं वॉशिंग मशीन. मशीन गार पाण्यावर आणि पूर्ण भरून लावा, गरम पाण्याच्या सायकलमध्ये बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. गीझरचं तापमान थोडं खाली आणा, अंघोळी एकामागोमाग उरका.

बल्बचं मात्र कराच. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट, तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी लावला तर दीडपेक्षाही कमी. आणि मुलांना ओरडायच्या ऐवजी दर रविवारी त्यांना मीटरचं रीडिंग लिहायला लावा, आकडा त्यांनीच लिहिला की फरक पडतो.

प्रश्न : गॅस लवकर संपतो, काही युक्ती?

उत्तर : उकळी फुटली की आच बारीक करा. पाणी साधारण १०० अंशाला उकळतं आणि उघड्या भांड्यात त्याच्या वर जातच नाही, तुम्ही गॅस कितीही मोठा ठेवा, जास्तीची आच नुसती वाफ करते, स्वयंपाक लवकर होत नाही. झाकण ठेवा. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे तेच तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तिथे वेळ आणि गॅस दोन्ही वाचतं. आणि ज्वाळा भांड्याच्या बुडाबाहेर यायला नको, एवढंच.

प्रश्न : ऑफर बघूनच खरेदी करते, मोठे पॅक घेते, तरी बजेट कोलमडतंच. आणि फेकून पण बरंच जातं, ते बघून जीव तुटतो.

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे ना, फेकून जातं. एकावर एक फ्री घेतलं आणि दुसरं खराब झालं तर सवलत शून्य झाली. आकडेही जरा ताडून बघा. ‘२० टक्के जास्त’ म्हणजे खरी सूट १६-१७ टक्केच पडते, ‘५० अधिक २० टक्के सूट’ म्हणजे ७० नाही, ६०. पॅकेट तेच, किंमत तीच आणि आतलं वजन कमी, हेही होतं, म्हणून नेहमी किलोला किंवा लिटरला काय पडतं ते बघा, मोठा पॅक दर वेळी स्वस्त असतोच असं नाही.

फेकण्याचं म्हणाल तर फ्रीजमध्ये एक छोटा ट्रे समोरच, नजरेच्या उंचीवर ठेवा आणि त्यावर पट्टी चिकटवा ‘आधी हे संपवा’. उरलेली वाटी, अर्धवट पाकीट, जे काही आहे ते तिथेच. आमच्याकडे मागच्या कोपऱ्यात सरकवलेले डबे आठवड्याने उघडायचे आणि थेट कचऱ्यात जायचे, ट्रे आल्यापासून ते जवळजवळ थांबलंय. शिजवलेलं २ तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि फ्रीज ४ अंशांच्या आसपास हवा. तारखा पण नीट वाचा, ‘बेस्ट बिफोर’ चव आणि दर्जाबद्दल असते, ती उलटली म्हणून वस्तू लगेच विष होत नाही. ‘यूज बाय’ सुरक्षिततेची असते, तिथे मात्र काटकसर करायची नाही.

प्रश्न : ताई, हे बायकोला माहीत नाही. क्रेडिट कार्डचं मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) दर महिन्याला वेळेवर भरतो, एकदाही चुकवलं नाही, पण रक्कम कमीच होत नाहीये. दीड वर्ष झालं. घरात बाकी सगळी काटकसर चालू आहे.

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही प्रामाणिकपणे भरताय आणि तरी अडकलाय, कारण मिनिमम ड्यूने कर्ज जवळपास तिथेच राहतं. समजा १०० थकलेत, व्याज महिन्याला ३ टक्के आणि मिनिमम ५ टक्के. १०० चे १०३ झाले, तुम्ही ५.१५ भरले, राहिले ९७.८५. भरल्यातले ३ नुसते व्याजात गेले. असंच चाललं तर थकबाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात, तेही कार्डवर एकही नवीन खरेदी नसेल तर. शिवाय बाकी थकलेली असली की बहुतेक कार्डांवर नवीन खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिन्याचे ३ टक्के वर्षाला चक्रवाढीने ४२ टक्क्यांच्या वर जातात. गॅस-लाईटमध्ये घरचे जे वाचवतायत ते सगळं इथे वाहून जातंय.

आता हेच बघा, मिनिममऐवजी दर महिन्याला ठराविक १० भरले तर तेच १०० साधारण वर्षभरात फिटतात. म्हणून कार्ड पाकिटातून काढून ठेवा, अ‍ॅप्समध्ये सेव्ह केलेला नंबर काढून टाका. बचत खात्यात काही पडून असेल तर महिनाभराचा खर्च ठेवून बाकी यात भरा, बचतीवर मिळणारं व्याज याच्यापुढे काहीच नाही. बँकेला विचारा की रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळेल का, प्रोसेसिंग फी धरून तुलना करा. कर्जं एकापेक्षा जास्त असतील तर ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी, बाकीच्यांचे नेहमीचे हप्ते चालू ठेवून.

आणि वहिनींना सांगा. १० भरायचे तर ते घरखर्चातूनच निघणार, आणि जो खर्च कशासाठी कमी करायचा तेच ज्यांना माहीत नाही त्या तो कसा कमी करतील? पहिली संध्याकाळ अवघड जाईल. नुसतं तोंडी सांगू नका, स्टेटमेंटची प्रिंट समोर ठेवा, आणि किती महिन्यांत फेडायचं त्याचा कागद दोघांनी मिळून लिहा.