उपयोजित समाजशास्त्रात एम.ए.: एका वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर

समाजशास्त्रात एम.ए. करून नोकरी कसली लागते, हा प्रश्न शिक्षणाच्या मार्गदर्शनासाठी माझ्याकडे मुलांना घेऊन येणारे बहुतेक पालक विचारतात, आणि तो विचारणाऱ्याला शिक्षणाची किंमत नाही असे समजणे अन्यायाचे आहे. नर्सिंग केले की परिचारिका होता येते, बी.एड. केले की शिक्षक होता येते. या पदवीपुढे मात्र कोणत्याही पदाचे नाव ठरलेले नसते. पदरमोड करून मुलीला शिकवणाऱ्या घराला त्याची धास्ती वाटणारच.

रेणुका (नाव बदलले आहे) वडिलांबरोबर आली, तेव्हा वडिलांचा प्रश्न याहून एक पाऊल पुढचा होता. ते सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात कामाला होते. रेणुकाने समाजशास्त्र घेऊन बी.ए. केले होते आणि नंतर ती निरनिराळ्या सर्वेक्षण संस्थांसाठी टॅबलेट घेऊन घरोघरी माहिती गोळा करत होती. पैसे भरलेल्या फॉर्मवर मिळत आणि एक सर्वेक्षण संपले की पुढचे येईपर्यंत घरी बसावे लागे. आता तिला एम.ए. करायचे होते, तेही सामाजिक प्रश्नांवर प्रत्यक्ष काम करता येईल अशा उपयोजित अंगाने. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे, शिकवायला माझी ना नाही. पण दोन वर्षं घालवून परत टॅब घेऊन दारोदारच फिरायचं असेल, तर शिकायचं कशाला? त्यापेक्षा बी.एड. करू दे."

एम.ए.च्या आधीचे आणि नंतरचे काम यांत नेमका फरक काय, हे समाधानकारकपणे सांगता आले तरच या पदवीचा खर्च योग्य ठरतो, असे माझे मत आहे. म्हणून मी रेणुकाला विचारले की सर्वेक्षणात कोणते उत्तर भरताना तुझा हात अडखळला. तिला आठवावे लागले नाही. विडी कामगारांच्या एका वस्तीत एक बाई उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात कापलेली तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा. रेणुकाने फॉर्ममधला प्रश्न वाचला, "तुम्ही काम करता का?" बाईंनी विडी वळता वळता उत्तर दिले, "नाही ओ, घरीच असते." हात थांबले नव्हते. रेणुकाने "घरकाम" हा पर्याय निवडताच मजुरीचे, कामाच्या तासांचे आणि आजारपणाचे पुढचे सगळे प्रश्न टॅबलेटवर आपोआप गळून पडले. तिने पर्यवेक्षकाला फोन केला; त्याने सांगितले, "जे बोलतात ते भर." तिने ते भरले, पण त्या दिवसापासून अशा घरांची नोंद ती स्वतःच्या वहीत वेगळी ठेवू लागली.

ती वही तिने सोबत आणली होती. मी ती वडिलांच्या हातात दिली आणि सांगितले की आज तुमची मुलगी दुसऱ्याने तयार केलेला प्रश्न वाचून दाखवते; हा प्रश्न चुकीचा आहे हे तिला कळते, पण तो बदलण्याचा अधिकार आणि बदलण्याची शास्त्रशुद्ध रीत तिच्याकडे नाही. प्रश्नावली कशी रचायची, ती आधी थोड्या घरांत कशी तपासून पाहायची, सगळ्यांऐवजी कोणत्या घरांना विचारायचे तो नमुना कसा निवडायचा, मुलाखतींचे विश्लेषण कसे करायचे आणि शेवटी धोरण ठरवणाऱ्याला वाचता येईल असा अहवाल कसा लिहायचा, हे एम.ए.त शिकायचे असते. विडी वळणाऱ्या बाईला "काम करता का" असे न विचारता "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलेत" असे विचारले, तर उत्तर बदलते. देशपातळीवर 2019 मध्ये पहिल्यांदा झालेल्या वेळ वापर सर्वेक्षणाची रीत याच जातीची आहे. त्यात माणसाच्या संपूर्ण दिवसाचा हिशेब घेतला जातो. वडिलांनी वहीची पाने उलटली आणि विचारले, "हे असलं शिकलेल्याला पगार कोण देतं?"

त्याचे उत्तर मी कायद्यापासून सुरू केले. 2013 च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास करणे, काही अपवाद सोडून, आवश्यक केले. 2021 पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या मोठ्या प्रकल्पांचे स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावे लागते. ही कामे करणाऱ्या संस्थांना, स्वयंसेवी संस्थांना, आरोग्य आणि शिक्षण विषयांवरच्या संशोधन प्रकल्पांना संशोधन सहायक आणि मूल्यमापन करणारी माणसे लागतात. मात्र यातल्या बऱ्याच नेमणुका कंत्राटी असतात, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि कामासाठी पुण्या-मुंबईला जावे लागू शकते, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. प्राध्यापक व्हायचे तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि ती उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे अनेक जण मी पाहते. तेवढ्याच आशेवर कोणी समाजशास्त्राला प्रवेश घेऊ नये.

एम.ए. आणि एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) यांतला फरक घराघरांत माहीत नसतो, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घालवला. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांसाठी समाजकार्याची पदवी मागतात. तिथे समाजशास्त्राची एम.ए. सहसा चालत नाही. व्यक्तीला, कुटुंबाला थेट आधार देण्याची ओढ असेल तर एम.एस.डब्ल्यू. करावे. सोलापूरहून तुळजापूर जवळ आहे आणि तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार 1986 पासून आहे, तेव्हा तोही पर्याय रेणुकाने नीट पाहावा असे मी सुचवले. तिने तिथल्या अभ्यासक्रमांची माहिती वाचली आणि पुढच्या भेटीत सांगितले की तिला त्या बाईंना कोणती योजना मिळेल यापेक्षा त्या मोजणीतून सुटतात कशा, हे शोधायचे आहे. हे वाक्य ऐकल्यावर विषयाची निवड झाली, असे मी मानले. बी.एड.चा मार्ग बंद होत नव्हताच. कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायला एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात.

मग राहिला विभाग निवडण्याचा प्रश्न. "उपयोजित" हा शब्द पदवीच्या नावात असलाच पाहिजे, असा आग्रह मी धरत नाही. भारतातला विद्यापीठीय समाजशास्त्राचा पहिला विभाग 1919 मध्ये मुंबईत सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराच्या हाताखाली. प्रत्यक्ष वस्त्यांचा अभ्यास या विषयाच्या पायातच आहे. आता राज्यातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेनुसार एम.ए.च्या पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचा स्वतंत्र विषय आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असते, तर दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. कागदावर हे सगळीकडे सारखे दिसते. प्रत्यक्षात काही विभागांत ते मनापासून होते आणि काही ठिकाणी केवळ सही-शिक्क्यापुरते उरते. म्हणून रेणुकाला मी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटायला पाठवले. मागच्या वर्षीचे प्रकल्प दाखवा म्हणावे, त्यांत मुलाखती खऱ्या घेतलेल्या दिसतात की पुस्तकांतले उतारे जोडलेले आहेत ते पाहावे, संख्याशास्त्र संगणकावर करून घेतात का ते विचारावे. एका खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक फार देखणे होते, पण शुल्क ऐकून तिनेच ते बाजूला ठेवले. शासकीय आणि अनुदानित ठिकाणचे शुल्क तिच्या घराला झेपणारे होते आणि महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्तीचा अर्ज करता येत होता.

वडिलांनी शेवटी दोन अटी घातल्या: पहिल्या वर्षी राहण्याचा खर्च वाढू नये आणि सुट्टीत तिने कमवावे. दोन्ही रास्त होत्या. रेणुकाने सोलापुरातच प्रवेश घेतला, सुट्ट्यांमध्ये सर्वेक्षणाची कामे चालू ठेवली आणि प्रशिक्षणासाठी असंघटित कामगारांमध्ये काम करणारी एक संस्था निवडली. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन प्रकल्पासाठी तिने घरबसल्या विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या कामाच्या नोंदींचा विषय घेतला आहे आणि तिची प्रश्नावली मार्गदर्शकांनी दोनदा परत पाठवली आहे. सेटचा अभ्यास करायचा की आधी एखाद्या मूल्यमापन संस्थेत काम करायचे, यावर तिचे आणि वडिलांचे अजून एकमत नाही. त्यासाठी निकालानंतर दोघांनी पुन्हा यायचे ठरवले आहे.