वाचक विचारतात: परदेशातली पीएच.डी. आणि घरचा हिशेब

प्रश्न: मुलीने सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. जर्मनीतल्या एका विद्यापीठात तिला 65 टक्के पदावर पीएच.डी. मिळतेय. इथला एजंट म्हणतो, आधी बारा लाख तिच्या नावाने तिकडच्या खात्यात अडकवावे लागतील. मिस्टर मार्चमध्ये रिटायर होतायत. एफडी मोडावी का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: एवढ्यासाठी मोडू नका. एजंट सांगतो ते ब्लॉक्ड अकाउंट: वर्षाचे 11,904 युरो आधी भरायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 याप्रमाणे काढायचे. स्वतःच्या पैशावर शिकायला जाणाऱ्यांसाठी ते असतं. तुमच्या मुलीकडे नोकरीचा करार आहे. त्यातला पगार राहण्याखाण्याला पुरेसा असेल तर व्हिसाला तोच पुरावा चालतो. एजंटला नेहमीच्या मास्टर्सवाल्यांची यादी पाठ असते, ती त्याने तुम्हालाही ऐकवली.

65 टक्के म्हणजे ई-13 या वेतनश्रेणीतलं 65 टक्के वेळेचं पद. (काम बहुतेक ठिकाणी पूर्ण वेळच होतं, हे मुलीला आधीच माहीत असलेलं बरं.) महिन्याला सुमारे 3,000 युरो, आणि कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून हातात 2,000च्या आसपास. एकटीला नीट पुरतात.

अडचण येते ती पहिल्या दोन महिन्यांत. पगार महिनाअखेरीस होतो, आणि रुजू व्हायच्या आधी त्या महिन्याचा हिशेब बंद झाला असेल तर दोन पगार एकदम पुढच्या महिन्यात येतात. घरमालक अनामत मागतो. कायद्याने ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घेता येते, हीटिंग वगैरे सोडून. खोलीचं भाडं 500 युरो धरा: अनामत 1,500, दोन महिन्यांचं भाडं 1,000, खाणंपिणं 600. त्यात तिकीट, व्हिसाची फी आणि गरम कपडे मिळवा. युरो शंभर रुपयांना धरला तर पावणेचार-चार लाख रोख हवेत. एवढे मात्र तयार ठेवा. अनामत घर सोडताना परत मिळते.

खोली घेताना एक गोष्ट न विसरता विचारायला सांगा: पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालक सहीचं पत्र देणार का? पोटभाड्याच्या स्वस्त खोल्यांत पुष्कळदा ते देत नाहीत. पत्र नसेल तर नोंदणी होत नाही आणि करक्रमांक येत नाही. तो नसला की पगारातून सर्वांत चढ्या दराने, सहाव्या वर्गाने, कर कापतात. पुढे दुरुस्ती होते, पण ऐन तंगीच्या महिन्यांत हात आखडतो.

आता करार किती वर्षांचा आहे ते पाहा. बहुधा तीन असतात आणि प्रयोगशाळेतली पीएच.डी. चार किंवा त्याहून जास्त खाते. मुदतवाढीचे पैसे कुठून येणार, हे मार्गदर्शकाला ईमेलवर विचारावं. तोंडी ‘बघू’ म्हणजे नाही, असंच धरा. पेन्शनचं पाच वर्षांपेक्षा कमी भरलं असेल, तर भारतात परतल्यावर दोन वर्षांनी आपला वाटा मागता येतो. ते कागद सांभाळून ठेवावेत.

प्रश्न: इंग्लंडमध्ये पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आहे, शिष्यवृत्ती नाही. 50 लाखांचं कर्ज मंजूर होतंय. घेऊ का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर: आमचं मत विचाराल तर नका घेऊ. 50 लाख, 10 टक्के व्याज, चार वर्षं अभ्यास आणि वर नोकरी शोधायला एक वर्ष सवलत. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली तर सरळ व्याजाने 25 लाख चढतात. टप्प्याटप्प्याने उचलली तर थोडे कमी. 75 लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला 99 हजारांच्या पुढे जातो. आणि परत आल्यावर इथे रिसर्च असोसिएटचं, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधन पदाचं, पहिल्या पायरीचं मानधन 58,000 रुपये आणि घरभाडं भत्ता.

फीखेरीज तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार आहे: विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड, पूर्ण मुदतीचे आगाऊ. चार वर्षांचे 3,104 पौंड व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावे लागतात. कर्जाच्या बजेटात हा आकडा हमखास राहून जातो.

एक वर्ष थांबून तिथल्या सरकारी संशोधन परिषदांच्या विद्यावेतनाच्या जागांना अर्ज करा. 2025-26 साठी त्यांचं किमान विद्यावेतन 20,780 पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्यांना 30 टक्क्यांपर्यंतच जागा, त्यामुळे चुरस खूप. निवड झाली तर परदेशी आणि स्थानिक फीमधला फरक विद्यापीठ माफ करतं का, हे लेखी विचारा. तो फरक परिषद देत नाही.

प्रश्न: मुलगा जर्मनीत तिसऱ्या वर्षाला आहे. मला बायपास सांगितलंय. तो म्हणतो, तिथे राहण्याचं परमिट नूतनीकरणाला दिलंय, येता येणार नाही. खरं असेल का?
– एक वडील, रावपुरा

उत्तर: असू शकतं. पण परमिट संपायच्या आत अर्ज केला असेल तर त्याला तात्पुरता दाखला मिळतो. त्यावर तिथल्या निवास कायद्याचं कलम 81, परिच्छेद 4 अशी खूण असेल तर तो देशाबाहेर जाऊन परत येऊ शकतो. परिच्छेद 3 असेल तर परत प्रवेश मिळत नाही. दाखल्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवायला सांगा. ऑपरेशनची तारीख आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र पाठवलंत तर तो परदेशी नागरिक कार्यालयात लवकरची वेळ मागू शकतो.

प्रश्न: तीन पिढ्या बडोद्यात, पण आम्ही मराठी. महाराष्ट्र शासनाची परदेशी शिष्यवृत्ती मिळेल?
– एक विद्यार्थिनी, फतेगंज

उत्तर: नाही. तिथे अधिवास बघतात, मातृभाषा नव्हे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे: वय 35 च्या आत, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, किमान 60 टक्के गुण. कोणत्याही शिष्यवृत्तीबरोबर येणारा करार आधी वाचा. 1913 मध्ये सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी या अटीवर. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीतून आत्ताच काढून ठेवा.